पडद्याकडे पाहत केलेली आसने

ज्या प्रश्नाला हे उत्तर आहे तो थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाई ४८ वर्षांच्या आहेत, बँकेत नोकरी करतात आणि तालुक्याच्या गावी राहतात. जवळपास योगवर्ग नसल्यामुळे गेले चार महिने त्या रोज सकाळी फोनवर व्हिडिओ लावून पाऊण तास आसने करत आहेत, आणि त्यात १२ सूर्यनमस्कारही आहेत. पहिले दोन महिने अंग हलके वाटले, झोप सुधारली. आता मात्र उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखतो आणि मान दिवसभर आखडलेली राहते. व्हिडिओ पाहून योग करणेच चुकीचे आहे का, की फक्त व्हिडिओ बदलावा, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली २४ वर्षे आसन-प्राणायामाचे वर्ग घेते. २०२० च्या टाळेबंदीत माझाही वर्ग फोनवर आला आणि पुढे बरेच महिने तसाच चालला, त्यामुळे व्हिडिओला नाक मुरडण्याचा अधिकार मला राहिलेला नाही. माझे उत्तर असे आहे की, व्हिडिओ पाहून शिकायला हरकत नाही. व्हिडिओ चालू ठेवून, त्याच्याकडे पाहत पाहत आसन करण्याला माझी हरकत आहे. तुमच्या मानेचे दुखणे बहुतांशी त्यातून आलेले दिसते. खांद्याचे कारण थोडे वेगळे आहे, त्याकडे पुढे येते.

आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका काकूंना असाच त्रास सुरू झाला, तेव्हा मी एके दिवशी सकाळी त्यांच्या घरी जाऊन नुसती बसले आणि त्यांना नेहमीप्रमाणे करायला सांगितले. फोन जमिनीवर, तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. ताडासनात, म्हणजे जिथे नजर समोर हवी तिथे, काकूंची हनुवटी छातीला लागली होती, कारण फोन खाली होता. त्रिकोणासनात एक हात वर गेला, पण डोके कधी डब्याकडे, कधी वरच्या हाताकडे असे हेलकावे खात राहिले. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकताना, पाठ वाकलेली आणि डोके मात्र कासवासारखे वर काढलेले. मान पडद्याकडे किती वेळा वळते हे मी मोजू लागले आणि साठाच्या पुढे मोजणे सोडून दिले. शेवटी त्या शवासनात पडल्या, डोळे मिटले, आणि मिनिटभरात सिमेंटची एक जाहिरात अशा आवाजात सुरू झाली की त्या उठून बसल्या. काकूंना आसने येत नव्हती असे मुळीच नाही. त्यांचे लक्ष पाऊण तास डब्यापाशी होते, शरीरात नव्हते, इतकेच.

तुमच्या वयात यात आणखी एक गोष्ट मिसळते, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. तुम्ही चाळिशीचा चष्मा वापरत असाल आणि तो दुहेरी भिंगाचा असेल, तर जवळचे दिसण्यासाठी भिंगाचा खालचा भाग वापरावा लागतो. त्यासाठी माणूस नकळत हनुवटी उचलतो आणि मान मागे दुमडतो. संगणकावर काम करताना हेच होते. बँकेत तुमचे सात-आठ तास तसेच जात असतील. सकाळी पुन्हा पाऊण तास फोनच्या लहान पडद्यासाठी तीच मान तशीच मागे मोडली, तर ती संध्याकाळपर्यंत आखडणार यात नवल नाही. चष्मा काढून करावे तर पडदा दिसत नाही, आणि घालून करावे तर पुढे वाकताना तो नाकावरून घसरतो. माझ्या वर्गातल्या निम्म्या लोकांना मी चष्मा काढून खिडकीत ठेवायला सांगते. समोर पाहण्यासारखे काही उरले नाही की मान आपोआप जागेवर येते, असा माझा अनुभव आहे.

बहुतेक आसनांत मानेचा हा खेळ नुसता त्रासदायक असतो, पण काही आसनांत तो धोक्याचा आहे. सर्वांगासन आणि हलासन यांत धडाचा आणि पायांचा भार खांद्यांवर असतो, मान खोलवर पुढे वाकलेली असते आणि डोके जमिनीवर स्थिर हवे असते. अशा वेळी ‘आता पुढे काय सांगताहेत’ म्हणून डोके बाजूला वळवले तर भाराखाली असलेल्या मानेला पीळ बसतो. ही दोन आसने व्हिडिओ पाहत कधीही करू नयेत, असा माझा सक्त नियम आहे. ज्यांना ती आधीपासून नीट येतात त्यांनीसुद्धा पडदा बंद करूनच करावीत. अधोमुख श्वानासनात, म्हणजे तळहात-तळपाय जमिनीवर आणि कंबर वर अशा स्थितीत, पडदा उलटा दिसतो म्हणून लोक डोके वर काढतात. तिथेही मान सैल सोडून आपल्या गुडघ्यांकडे किंवा पायांकडे पाहायचे असते.

आता खांदा. हल्लीच्या पुष्कळ व्हिडिओंतला सूर्यनमस्कार हा आपल्या शाळेत शिकवला जायचा तो नसतो. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्काराचा महाराष्ट्रात घरोघरी प्रसार केला, त्यात शरीर खाली नेताना साष्टांग प्रणिपात असतो. दोन पाय, दोन गुडघे, दोन तळहात, छाती आणि कपाळ अशी आठ अंगे टेकतात, आणि गुडघे आधी टेकत असल्यामुळे पुष्कळसा भार तेच घेतात. व्हिडिओंत मात्र अनेकदा त्या जागी चतुरंग दंडासन येते. त्यात गुडघे वर असतात आणि सगळे शरीर तळहात व चवडे यांच्यावर तोलून खाली आणायचे असते. हे आसन चांगलेच आहे, पण ते दंडाच्या आणि छातीच्या ताकदीचे काम आहे. ती ताकद नसेल तर कोपरे बाहेर फाकतात, खांदे कोपरांच्या पातळीच्याही खाली घसरतात, आणि भार स्नायूंऐवजी खांद्याच्या सांध्याच्या पुढच्या भागावर जातो. असे दिवसाला १२ वेळा, महिन्याला साडेतीनशेच्या वर. तुमचे दुखणे पुढच्या बाजूला आहे, आणि पहिले दोन महिने काही झाले नाही, नंतर सुरू झाले, या दोन्ही गोष्टी या कारणाशी जुळतात. उजवाच खांदा का, याचे उत्तर बहुधा पिशवी, पर्स आणि माऊस यांत सापडेल.

हे मी न पाहता लिहीत आहे, हे ध्यानात ठेवून एक तपासणी घरीच करा. उजवा हात पाठीमागे नेऊन डाव्या खांद्याच्या पात्यापर्यंत पोहोचतो का, आणि डाव्या हाताच्या मानाने तो फारच कमी जातो का, हे पाहा. हात वर उचलणे आणि मागे नेणे दिवसेंदिवस आखूड होत असेल, रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, तर हा प्रश्न आसनांचा राहिलेला नाही. चाळीस ते साठ या वयात खांदा आखडण्याचा जो विकार होतो तो बायकांत अधिक आढळतो, मधुमेह असणाऱ्यांत त्याहून अधिक, आणि त्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे लागते. मानेतून कळ हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, हातातून वस्तू सुटत असतील, तरीही आधी डॉक्टर. यांपैकी काही नसेल तर पुढचे वाचा.

पाहून शिकण्याची मर्यादा कुठे असते, हे मला एका जुन्या चित्रफितीने शिकवले. १९३८ साली म्हैसूरमध्ये योगगुरू टी. कृष्णम्माचार्य आणि त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या आसनांचे मूक चित्रीकरण झाले होते. ते आजही पाहायला मिळते. जेमतेम विशीतला तो कृश तरुण एका आसनातून दुसऱ्यात असा झेप घेतो की पाहणारा थक्क होतो. पण शंभर वेळा पाहूनही त्यातून आपण स्वतः काय करावे हे कळत नाही. तेच अय्यंगार १९३७ पासून पुण्यात शिकवत होते. १९७५ साली त्यांची पुण्यातली संस्था सुरू झाली. तिथे भिंतीवरचे दोर, पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या, लोड आणि घडी घातलेली घोंगडी यांचा जो वापर रूढ झाला तो आज जगभर केला जातो. एवढ्या साधनांची गरज का पडली, तर समोरच्या प्रत्येकाचे शरीर त्या चित्रफितीतल्या तरुणासारखे नसते आणि शिकवणाऱ्याला ते दिसत असते. पडद्यावरच्या शिक्षकाला तुम्ही दिसत नाही. त्याने कितीही प्रेमाने ‘खूप छान’ म्हटले तरी ते त्याने भिंतीकडे पाहून म्हटलेले असते.

पडद्यावर जे दिसते तेही पुरते खरे नसते, आणि यात कोणाची लबाडी नाही. चित्रीकरणापूर्वी शिक्षकाने अर्धा तास शरीर मोकळे करून घेतलेले असते. आपण मात्र नुकतेच अंथरुणातून उठून त्याच्यासोबत पश्चिमोत्तानासनात वाकतो. झोपेतून उठल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून किंचित फुगलेल्या असतात, म्हणून सकाळचा पहिला तास खोल पुढे वाकण्याला बरा नव्हे, विशेषतः कंबर दुखणाऱ्यांना. ‘अंथरुणातच करा’ अशा मथळ्याचे जे व्हिडिओ असतात, ते मला याच कारणाने पटत नाहीत. मऊ गादीचा आणखी वेगळा तोटा. शिवाय संकलनात आसनाचा टिकवण्याचा काळ कापलेला असतो, त्यामुळे ‘पाच श्वास’ बारा सेकंदांत आटोपतात आणि आपण त्या गतीला श्वास बांधून धापा टाकू लागतो. आणि शिक्षकाच्या हाडांची ठेवण आपली नसते. मांडीच्या हाडाची खुब्यातली बसण ज्याची जशी आहे तशीच राहते. काहींचा खुबा पद्मासनाला पुरेसा बाहेर वळतच नाही, आणि अशा माणसाने पडद्यावर पाहून पाय ओढून मांडीवर ठेवला तर न वळलेल्या खुब्याची किंमत गुडघा मोजतो. सुखासनात, खाली उशी घेऊन बसणाऱ्याचे यात काहीही कमी होत नाही.

डावे-उजवे हा वरवर किरकोळ वाटणारा घोळ आहे. शिक्षक आपल्याकडे तोंड करून उभा असतो. काही शिक्षक स्वतःचा उजवा पाय उचलून ‘उजवा’ म्हणतात, काही आरशासारखे दिसावे म्हणून डावा उचलून ‘उजवा’ म्हणतात, आणि काही व्हिडिओ संकलनातच उलटवलेले असतात. सदऱ्यावरची अक्षरे उलटी दिसली की ते ओळखता येते. पाहत पाहत करणारा माणूस यात हमखास गोंधळतो आणि वक्रासन, म्हणजे बसून धडाला पीळ देण्याचे आसन, दोन्ही वेळा एकाच बाजूने करून मोकळा होतो. चित्राकडे दुर्लक्ष करून शब्द ऐकावेत.

मग व्हिडिओ वापरायचा कसा? मी माझ्या विद्यार्थ्यांना एक वही करायला सांगते. रविवारी दुपारी, चहा घेत, खुर्चीत बसून एक व्हिडिओ पूर्ण पाहायचा. आसन एकही करायचे नाही. दुसऱ्यांदा पाहताना थांबवत थांबवत लिहून काढायचे: आसनाचे नाव, त्याची पूर्वस्थिती, कोणता अवयव आधी हलतो, श्वास कुठे घ्यायचा व कुठे सोडायचा, आणि आसन सोडायचे कसे. शेजारी काड्यांची माणसे काढायची. चित्र वाईट आले तरी चालते, उलट स्वतः काढलेले चित्र अधिक लक्षात राहते. आसन सोडण्याची रीत लिहायला लोक विसरतात, आणि दुखापती बऱ्याच वेळा तिथेच होतात. नौकासनातून धपकन पाय टाकले जातात, सेतुबंधातून पाठ एकदम आपटते. पुढचा आठवडाभर तेच पान कपाटाच्या दाराला डोळ्यांच्या उंचीवर चिकटवायचे आणि पडद्याशिवाय तेवढीच सात-आठ आसने करायची. पहिले दोन दिवस अडखळायला होते. तिसऱ्या दिवशी क्रम पाठ होतो, आणि त्यानंतर प्रथमच आपला डावा तळवा जमिनीवर कमी टेकतो आहे, असले काहीतरी कळू लागते. पुढच्या रविवारी तोच व्हिडिओ पुन्हा पाहिला की पहिल्या वेळी न ऐकू आलेल्या सूचना ऐकू येतात. एका व्हिडिओला किमान एक महिना द्यावा. रोज नवा व्हिडिओ लावणारे पुष्कळ पाहिले. त्यांना आसनांची नावे खूप येतात.

कोणाला वहीपेक्षा आवाज सोयीचा वाटतो. अशांनी ते पान स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या श्वासाच्या गतीने, मध्ये पुरेशी शांतता सोडून फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि फोन पालथा ठेवून ऐकावे. आपल्या आवाजातल्या सूचना ऐकायला पहिल्यांदा हसू येते. पण त्यात जाहिरात येत नाही, आणि शवासन पाच मिनिटांचे म्हणजे पाच मिनिटांचेच होते.

फोनचा खरा उपयोग त्याची दिशा बदलली की सुरू होतो. आपण त्याला पाहण्याऐवजी त्याने आपल्याला पाहू द्यावे. आठवड्यातून एकदा फोन स्टुलावर, कमरेच्या उंचीला, आपल्या बाजूला आठ-दहा फुटांवर ठेवून दोन सूर्यनमस्कार आणि तीन आसने चित्रित करा. बाजूनेच, समोरून नव्हे, कारण पाठकण्याची वळणे, कोपरांची पातळी आणि हनुवटीची दिशा बाजूनेच दिसतात. टाळेबंदीत माझ्या एका विद्यार्थ्याला ‘कंबर खचते आहे’ असे मी महिनाभर सांगत होते आणि तो महिनाभर ‘नाही हो’ म्हणत होता. स्वतःचे वीस सेकंदांचे चित्रण पाहिल्यावर तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी कंबर सरळ होती. तुम्ही स्वतःच्या चित्रणात दोनच गोष्टी पाहा. खाली जाताना खांदा कोपराच्या खाली जातो का, आणि पुढे वाकताना हनुवटी पाठीच्या रेषेत राहते की वर निघते. दहा गोष्टी पाहू गेलात तर एकही सुधारणार नाही.

व्हिडिओ निवडताना मी सगळ्यात आधी हे पाहते की शिक्षक ‘हे कोणी करू नये’ असे सांगतो का, आणि तेही आसन सुरू होण्यापूर्वी. ज्या व्हिडिओत सोपा पर्याय दाखवलेला नाही, कॅमेरा फक्त समोरून आहे आणि मथळ्यात दहा दिवसांत पोट कमी करण्याचे वचन आहे, तो मी पुढे पाहत नाही. लोणावळ्याचे कैवल्यधाम, जे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केले, आणि सांताक्रूझची द योग इन्स्टिट्यूट, जिची सुरुवात श्री योगेंद्रजींनी १९१८ साली केली, या दोन्ही जुन्या संस्थांचे पाठ आज व्हिडिओच्या रूपात मिळतात आणि ते संथ असतात. त्यांचा संथपणा तरुणांना कंटाळवाणा वाटतो. नवशिक्याला तोच हवा असतो. २१ जूनच्या योगदिनासाठी आयुष मंत्रालयाने ठरवलेला सामान्य योग अभ्यासक्रम साधारण ४५ मिनिटांचा आहे. त्यात सूर्यनमस्कार, सर्वांगासन आणि शीर्षासन यांपैकी काहीही नाही, म्हणून एकट्याने घरी सुरुवात करणाऱ्याला मी पुष्कळदा तोच सुचवते. योगदिनाचा समारंभ सोडून द्या, त्यामागचा क्रम चांगला आहे.

प्राणायामाबाबत मी अधिक कडक आहे, कारण आसनात चूक झाली तर सांधा ओरडून सांगतो, श्वासाची चूक उशिरा कळते. अनुलोम-विलोम, कुंभक न करता, म्हणजे श्वास न रोखता, आपल्याच श्वासाच्या लांबीने व्हिडिओ पाहून शिकायला हरकत नाही. कपालभातीचे व्हिडिओ मात्र बहुतेक फार वेगवान असतात. सेकंदाला दोन-दोन ठोके आणि पाच-पाच मिनिटे अखंड. मी नवशिक्याला अकरा ठोके, मग विश्रांती, अशी तीन आवर्तने देते आणि सेकंदाला एकाहून जास्त गती ठेवू देत नाही. पोटाचा झटका बाहेर जाणाऱ्या श्वासाला द्यायचा, आत येणारा श्वास आपोआप येऊ द्यायचा. खांदे हलू लागले किंवा चेहरा आवळला की थांबायचे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया, गर्भारपण आणि मासिक पाळीचे दिवस यांत ती करू नये. श्वास रोखून धरण्याचे प्रकार, बंध, नौली (पोटाचे स्नायू फिरवणे), धौती (अन्नमार्गाची शुद्धी) आणि शीर्षासन या गोष्टी पहिल्यांदा शिकताना शेजारी जाणता माणूस हवा. यात मी कोणाचाही अपवाद करत नाही.

तसेच, काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनी डोके खाली जाणारी आसने टाळावीत, हाडे ठिसूळ झालेल्यांनी आणि सरकलेल्या चकतीचा त्रास असणाऱ्यांनी कमरेतून गोल होत पुढे वाकू नये. हे सगळे आपापल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. व्हिडिओत शेवटी बारीक अक्षरांत येणारी सूचना त्याची जागा घेऊ शकत नाही.

जागेविषयी थोडेसे. गुळगुळीत टाइल्सवर चटई किंवा सतरंजी सरकते, आणि सरकणाऱ्या चटईवर अधोमुख श्वानासन केले की तळहात पुढे पळू नयेत म्हणून खांदे आवळले जातात. म्हणजे पुन्हा खांदाच. घसरू न देणारी रबरी मॅट घ्या, किंवा हातापायांखाली फरशीच राहू द्या, आणि मॅटचे पुढचे टोक भिंतीला लावा. साधने विकत घेण्याची घाई नको. घट्ट घडी घातलेल्या दोन सोलापुरी चादरी, जुनी ओढणी, पाठ सरळ असलेली एक लाकडी खुर्ची आणि रिकामी भिंत एवढ्यावर वर्षभर चालते. जेवणानंतर तीन ते चार तास जाऊ द्यावेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आता तुमच्यासाठी. तीन आठवडे सूर्यनमस्कार पूर्ण बंद ठेवा. रोज २५ मिनिटे पुरेत, आणि शक्य असेल तर सकाळी उठल्याबरोबर न करता तासाभराने किंवा संध्याकाळी करा. सुरुवात भिंतीपाशी ताडासनाने करा. टाचा, माकडहाडाचा भाग आणि खांद्यांची पाती भिंतीला, हनुवटी जमिनीला समांतर, डोके भिंतीला जबरदस्तीने टेकवायचे नाही. मग स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी जा. हा ओटा म्हणजे घरातले सर्वांत चांगले योगसाधन आहे, आणि प्रत्येक घरी ते आधीपासून बसवलेले असते. ओटा कोरडा पुसून घ्या, तळहात खांद्याइतक्या अंतरावर कडेला ठेवा, पाठ आणि हात एका रेषेत येईपर्यंत पाय मागे घेत खुब्यातून वाका. कान दंडांच्या मध्ये, नजर खाली. खांदा दुखू लागला तर हात थोडे अधिक रुंद ठेवा किंवा वाकणे कमी करा. पाच शांत श्वास, तीन वेळा. त्यानंतर खुर्चीवर बाजूला तोंड करून बसून, खुर्चीच्या पाठीला धरून दोन्ही बाजूंना पीळ, पण आधी धड वळू द्या आणि मान सगळ्यात शेवटी, तीही थोडीच. मग गुडघे वाकवून पाठीवर झोपून, कंबर वर उचलत सेतुबंध, मग भिंतीला पाय टेकवून विपरीत करणीसारखी विश्रांती, कंबर जमिनीवरच ठेवून. शेवटी आठ मिनिटे शवासन. डोक्याखाली चादरीची एक घडी घ्या, म्हणजे हनुवटी छताकडे उचलली जाणार नाही. बँकेत तासाला एकदा चष्मा काढून खिडकीबाहेर दूर पाहत दोन्ही खांदे मागून फिरवा.

तीन आठवड्यांनी खांदा शांत असेल तर पहिल्या दिवशी फक्त दोन सूर्यनमस्कार घाला. त्यात चतुरंग नको, साष्टांग घ्या, गुडघे आधी टेकवून, एकेका स्थितीला एक पूर्ण श्वास देत. चार दिवस दोनच ठेवा, मग आठवड्याला एकाने वाढवा. चतुरंगाची हौस असेल तर तेही ओट्यावरच सुरू करा. तळहात कडेला, शरीर फळीसारखे तिरके, कोपरे फासळ्यांना घासत वाकवून छाती ओट्याकडे अर्धीच न्या आणि परत या. असे दहा वेळा न थकता जमले की खुर्चीच्या बैठकीवर, खुर्ची भिंतीला टेकवून, आणि तिथेही जमले की जमिनीवर. या प्रवासाला माझ्या विद्यार्थिनींना साधारण चार ते सहा महिने लागतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा जिल्ह्याच्या गावी जाणे होत असेल तर तिथल्या एखाद्या शिक्षकाकडे तासभर जाऊन फक्त तुमचा सूर्यनमस्कार आणि ओट्यावरचे वाकणे दाखवून या. जाताना ती वही सोबत न्या, म्हणजे त्यांना काय बदलायचे ते तुमच्याच चित्रावर खूण करून देता येईल.